कासाबाईच्या हातातली वादी

सुपातली तूरडाळ निम्मी निवडून झाली होती. खडे वाटीत, टोकरलेले दाणे कोंबड्यांसाठी वेगळे, आणि निवडलेली डाळ पितळी पातेल्यात. मारुतीच्या जन्माला आठ दिवस उरले होते. वालूरच्या देवळात त्या दिवशी भंडारा असतो, घरटी शेर-दोन शेर डाळ जाते, आणि कासाबाईनं दिलेल्या डाळीत कधी कुणाच्या दाताखाली खडा आला असं बोट दाखवायला जागा नाही. म्हणून ती सावकाश निवडत होती. बोटं डाळीत, ओठांवर रामनाम, आणि कान समोरच्या पत्र्याच्या छपरीत.

कान तिकडं आहे हे तिचं तिलाही ठाऊक नसायचं. दूध चुलीवर असलं की बाईचं एक लक्ष तिकडं राहतंच, तसं ते होतं. छपरीत तिचे मालक, दत्तराव, लेथवर लाकूड कोरत होते. आवाज भरीव येत होता, घुमत. मग जरा हलका झाला. मग कोरडा झाला, भाजल्या पापडावर नख फिरवावं तसा. आता थांबतील, असं कासाबाईच्या मनात आलं. ते थांबले नाहीत. तिचं बोट एका खड्यावर तसंच राहिलं. आवाज आता नुसता शीळ घातल्यासारखा येत होता.

"अवो!" ती ओरडली. सूप मांडीवरून सरकलं, डाळ अंगणभर झाली. ती तशीच धावली, आणि छपरीच्या दारात पोचायच्या आत फट् झालं.

दत्तरावांनी मोटर बंद केली. लेथवर कळस होता. वर निमुळता, मध्ये पोट, खाली बैठक, जसा पालखीवर शोभावा तसा. त्या पोटाला तळहाताएवढं भगदाड पडलं होतं. उडालेला तुकडा भिंतीला आपटून भुशात पडला होता.

"गाठ होती," दत्तराव म्हणाले.

कासाबाईनं तुकडा उचलून पाहिला. लाकूड तुपासारखं स्वच्छ, पिवळसर. गाठ कुठंच नव्हती. बाहेर येऊन तिनं अंगणातली डाळ झाडूनं गोळा केली आणि मातीसकट पुन्हा सुपात घेतली. झालेलं काम पहिल्यापासून.

त्या महिन्यात लेथवर फुटलेलं हे तिसरं भांडं होतं.

कासाबाई या घरात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. घर कातारी माणसाचं. लाकूड फिरवून गोल वस्तू करायच्या हा हुन्नर दत्तरावांच्या आज्यापासून चालत आलेला. लाटणी, रव्या, पाळण्याच्या दांड्या, भोवरे, आणि सगळ्यात नाजूक म्हणजे कुंकवाचे करंडे, आतून पोकळ. तेव्हा मोटर नव्हती. दोन खुंटांच्या मध्ये लाकूड अडकवायचं, त्याला चामड्याच्या वादीचे दोन वेढे द्यायचे, आणि समोर बसून एकानं वादीची दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढायची. डावा हात ओढला की लाकूड पुढं फिरे, तेव्हा कारागिरानं पटाशी लावायची. उजवा ओढला की मागं फिरे, तेव्हा उचलायची. ओढणाऱ्याचा आणि कापणाऱ्याचा श्वास एक असावा लागे.

हळदीचा रंग अंगावर असतानाच सासूनं वादीची टोकं तिच्या हातात दिली होती. "घे बाई. आजपासून ह्ये तुझं जातं."

बारा वर्षं तिनं वादी ओढली. लेक विजयमाला पोटात होती तेव्हाही सातवा महिना लागेपर्यंत. तळहाताला घट्टे पडले, मग घट्ट्यांवर पुन्हा कातडी आली. पण एक झालं. लाकडाच्या आत काय चाललंय ते वादीतून हाताला कळायला लागलं, आणि हाताला कळलं तेच पुढं कानाला ऐकू यायला लागलं. सासू म्हणायची, जाड लाकूड पोटातून बोलतं, पातळ लाकूड ओठातून. करंडा आतून कोरताना कारागिराला आतलं दिसत नाही. किती राहिलं हे आवाजच सांगतो. दत्तराव मान वर न करता विचारायचे, "काय म्हणतंय?" आणि ती म्हणायची, "जेवण झालं न्हाई म्हणतंय अजून." म्हणजे आणखी कोरा. किंवा, "पुरं म्हणतंय." म्हणजे हात काढा. नवराबायकोचं आपसातलं बोलणं म्हणाल तर पुष्कळसं तेच होतं. बाकी बोलायला सासूच्या घरात सवड कुठली?

विजयमाला शाळेत जायला लागली त्या साली मोटर आली. कासाबाईचे हात सुटले. पहिले काही महिने दुपारच्या वेळी ते उगीच हलायचे, काहीतरी ओढायला शोधायचे. वादी खुंटीवर गेली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते तेव्हा ती खाली यायची. कासाबाई तिला तेल चोळायची, हळदकुंकू लावायची, पुन्हा खुंटीवर टांगायची. दत्तराव हसायचे. "मेलेल्या म्हशीला गोंजारायलीस."

पुढं स्टीलच्या रव्या आल्या, प्लास्टिकचे पोळपाट आले. लेथवर धूळ बसली. आणि मग जावयानं, परमेश्वरनं, लाकूड आणून टाकलं. तो सेलूच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला आहे. तिथं नवी यंत्रं येतात ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांत. खोकं चिडाच्या लाकडाचं, डोंगराळ मुलखातलं. फळ्या कुणीही जाळायला नेतं, पण खालचे दांडे चांगले जाड असतात. दत्तरावांनी आधी नाक मुरडलं. सागवानावर हात बसलेला माणूस तो. "काय लाकूड हाय का भाकर? नख लावलं तर रुततंय." पण त्यांनी चार तुकडे सरसानं जोडले, एक ठोकळा केला, त्यातून सुरई काढली. विळ्याचं जुनं पातं तापवून, वाकवून आकडी केली आणि बोट जेमतेम जाईल एवढ्या तोंडातून ती आत घालून पोट कोरलं. सुरई हातात घेतली तर फुलासारखी हलकी. अंगावर लाकडाच्या रेघा अशा उमटल्या जशा शांत पाण्यात वलयं. छपरीभर राळेचा वास सुटला. कासाबाईला वाटलं, कुणी धूप लावला.

तेव्हापासून तेच काम. सुरया, फुलदाण्या, शोभेचे गडवे. परभणीचा एक दुकानदार काचेच्या कपाटात मांडायचा. दत्तरावांची मान पुन्हा ताठ झाली. लोकांनी पुन्हा कारागीर म्हणायला सुरुवात केली.

आणि अशात त्यांचे कान गेले.

एकदम गेले नाहीत. आधी दारावरच्या फेरीवाल्याची हाक हरवली, मग आरतीत टाळी मागं पडायला लागली. कासाबाईला हे वर्षभरापूर्वीच कळलं होतं. पण तिनं ते आपल्या पदराखाली घेतलं. कुणी काही बोललं की तीच ते मोठ्यानं पुन्हा म्हणायची, भांडण केल्यासारखं, म्हणजे दत्तरावांना कळेल आणि समोरच्याला कळणार नाही. शेजारची चुलत जाऊ, तानुबाई, एकदा म्हणालीच, "भावजी लय मोठे झाले की! हाक मारली तर वळत न्हाईत."

"न्हाई वळायचे," कासाबाई म्हणाली. "तुमी हाक मारली की उसनं मागताव. त्येंला पाठ हाय."

तानुबाई हसली, पण पान लावता लावता तिनं दत्तरावांकडं जरा जास्त वेळ पाहिलं. कासाबाईला ते दिसलं.

फुलदाणी फुटली की दत्तराव भुसा आणि सरस कालवून भोक लिंपायचे, घासायचे, वर रंगाची वेल काढायचे. दुकानात खपून जायचं. कासाबाईनं तेही गिळलं. काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू, तिला काय पाणी भरायचंय!

पण कळसाची गोष्ट वेगळी होती.

मारुतीच्या पालखीवरचा जुना कळस दत्तरावांच्या वडलांनी सागाचा केला होता, भरीव. गेल्या वर्षी पालखी देवळात टेकवताना तो तडकला. खंडित वस्तू देवाला चालत नाही, एवढं तर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. देवस्थानाचं बघतात ते व्यंकटराव घरी आले आणि म्हणाले, "अण्णा, कळस तुमच्याच घरचा पाहिजे. पर हलका करा. छत वाकायलंय." त्या दिवशी दत्तरावांनी अंघोळ करून लाकूड जोडायला घेतलं. यंदा खोकं एकच आलं होतं. त्याचे दोन ठोकळे झाले. एक आज फुटला. एक उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासाबाई छपरी झाडायला गेली तर फुटलेला कळस फळीवर उभा. भगदाड लिंपलेलं, घासून गुळगुळीत केलेलं, वरून गेरूचा हात फिरवलेला. हात लावला तरी कळू नये असा. दत्तराव चहा पीत बसले होते. चेहरा उजळलेला.

"झाला बघ," ते म्हणाले. "सोनेरी रंग दिला की संपलं."

"ह्यो फुटलेला हाय."

त्यांनी ओठांकडं पाहिलं असावं, कारण कळलं त्यांना. "फुटलेला होता. आता न्हाई. वाजवून बघितला मी. झकास वाजतोय."

कासाबाईनं बोटाचं पेर कळसावर मारलं. भद्द. ओल्या भिंतीवर मारावं तसा आवाज. तिनं दुसऱ्या बाजूनं मारलं. भद्द. तिनं दत्तरावांकडं पाहिलं. ते मान हलवत होते, समाधानानं. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच चांगला आवाज येत होता, पन्नास वर्षं कानात साठवलेला.

इतके दिवस ती समजत होती की ते लपवतायत. आज कळलं, काय काय गेलंय हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही.

ती आत गेली. देवापाशी दिवा लावायचा होता, वात हातात घेतली आणि तशीच बसून राहिली. काय करावं? नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडावं? की लिंपलेला कळस देवाच्या माथ्यावर चढू द्यावा आणि जन्मभर पालखी दारावरून जाताना मान खाली घालावी? मारुतीराया, तूच सांग. दारात चपला वाजल्या.

व्यंकटराव आले होते. "झालं का काम, अण्णा?" म्हणत ते छपरीत शिरले सुद्धा. कासाबाई मागोमाग गेली. व्यंकटरावांनी कळस दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावायला म्हणून वर नेला.

"वा! फुलावानी झालाय की. नेऊ का आजच? रंगारी उद्या यायलाय."

दत्तरावांनी तोंड उघडलं. कासाबाई मध्येच बोलली, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, दत्तरावांकडं तोंड करून.

"भाऊ, त्यो नमुना हाय. आकार बघायला केलेला. खरा कळस उद्या कोरायचाय."

व्यंकटराव हातातल्या कळसाकडं बघत राहिले. दत्तराव बायकोकडं.

"हां," दत्तराव म्हणाले. "नमुना."

"नमुना असा, तर कळस कसा असंल!" व्यंकटरावांनी तो जपून खाली ठेवला. "करा सावकाश. पर पुनवंच्या आत, अण्णा. गाव वाट बघायलंय."

ते गेले. दत्तराव भुशाच्या पोत्यावर बसले. बराच वेळ त्यांनी हाताची नखं पाहिली.

"कधीपसून ठाव हाय तुला?"

कासाबाई जवळ गेली, उजव्या कानापाशी वाकली. त्या कानात अजून थोडी धुगधुगी होती. "वरीस झालं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई."

"म्या काय इचारू?" त्यांचा आवाज चिरकला. "बहिऱ्यानं इचारायचं का, मला ऐकू येतंय का म्हणून? आन् आता काय करू? ठोकळा एकच हाय. त्योबी फुटला तर? व्यंकटरावाला सांग, परभणीहून पितळेचा आण म्हणावं. माझं काम संपलं."

हे त्यांनी ज्या तऱ्हेनं म्हटलं त्यावरून कासाबाईला कळलं, हा कळस झाला नाही तर हे पुन्हा लेथपाशी बसणार नाहीत. कान गेलेला माणूस जगतो. काम गेलेला माणूस ओसरीवर बसून भिंतीकडं बघत राहतो. तिनं आपल्या सासऱ्याला शेवटची चार वर्षं तसं बघितलं होतं.

ती उठली. खुंटीवरून वादी काढली. वर्षावर्षाच्या तेलानं ती अजून मऊ होती.

"ही कशाला?" दत्तराव म्हणाले. "मोटर हाय की."

तिनं एक टोक त्यांच्या दंडाला बांधायला घेतलं. तेव्हा मात्र त्यांच्यातला कारागीर जागा झाला. "येडी का खुळी? हाताला न्हाई. हिसका बसला तर आकडी उडंल, लाकूडबी जाईल आन् डोळाबी. कमरंला बांध."

तिनं कमरेला बांधली. दुसरं टोक आपल्या मुठीला गुंडाळून ती मागं पाटावर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "एकदा ओढलं की हात काढायचा. इचार करायचा न्हाई."

कुंपणापलीकडून तानुबाईनं मान काढली होतीच. "अगं बया! भावजींला दावणीला बांधलं का?"

"हां! पळून चाललेते," कासाबाई ओरडली. "तुमच्या दारात आले तर हाकलून लावा इकडं."

दत्तरावांना शब्द ऐकू आले नसतील, पण तानुबाईचं तोंड पाहून ते हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

त्या दिवशी बाहेरचा आकार झाला. कोरायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत. कासाबाईनं आधी पूजा केली, अंगारा ठोकळ्याला लावला, मग दत्तरावांच्या कपाळाला, मग वादीला. मोटर सुरू झाली. खालच्या भोकातून आकडी आत गेली आणि भुसा बाहेर सांडायला लागला, शेवयांसारखा.

कासाबाईनं डोळे मिटले. तीस-पस्तीस वर्षांत तिनं हे काम असं बसून ऐकलं नव्हतं. आणि ते सागवान नव्हतं. सागवान एका सुरात बोलतं. ह्या लाकडात एक रेघ मऊ, एक रेघ कडक. आवाज उगाच चढायचा, उतरायचा, फसवायचा. एकदा वाटलं आलं. तिनं ओढलं. दत्तरावांनी लगेच हात काढला, मोटर थांबवली, वाकवलेली तार आत घालून भिंत चाचपली; नेमकं तारेला कळत नाही, पण अदमास येतो. अजून बोटभर जाड होती.

"लवकर," ते म्हणाले.

"भेले मी," ती मोठ्यानं म्हणाली.

"मीबी."

पुन्हा मोटर. तिच्या मुठीत घाम आला होता, वादी निसटत होती, तिनं आणखी एक वेढा घेतला. ओठांवर रामनाम होतं, मग तेही थांबलं, कारण नामाचा आवाजही मध्ये येत होता. देवा, ह्येवढ्यापुरतं रागावू नको. आवाज पोटातून येत होता. मग छातीतून. मग गळ्यातून. मध्येच खरखर झाली, ती गाठ होती, खरी गाठ, तिनं ओढलं नाही. गाठ गेली. आवाज पुन्हा वर आला, पातळ होत गेला, आणि सासूनं सांगितलेलं ते ओठातलं बोलणं तिला ऐकू आलं. अगदी थोडा वेळ, श्वास घ्यावा एवढा.

तिनं ओढलं.

आकडी त्याच क्षणी बाहेर आली. मोटर घरघरत बंद झाली. छपरीत राळेचा वास आणि भुसा, दुसरं काही नाही. दत्तरावांनी कळस लेथवरून सोडवला, उलटा केला, आत फुंकर मारली. दारातल्या उजेडात धरला. भिंतीतून उजेड जरासा आत आल्यासारखा वाटला, मधाच्या रंगाचा. कुठं तडा नव्हता.

त्यांनी बोटानं वाजवला आणि ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"काय म्हणतंय?"

बारा वर्षं रोज ऐकलेला आणि मग कधीच न ऐकलेला प्रश्न. कासाबाईच्या डोळ्यांत भुसा गेला असावा, तिनं पदर लावला.

"पुरं म्हणतंय," ती उजव्या कानाशी म्हणाली. मग तिनं कळस त्यांच्या दोन्ही तळहातांत धरायला लावला आणि स्वतः पेर मारलं. टण् असा स्वच्छ, लांबणारा आवाज झाला. दत्तरावांनी मान तिरकी केली, थांबले.

"हातात आलं," ते हळू म्हणाले. "कानात न्हाई. हातात आलं."

"येवढं तर येवढं. पुनव झाली की सेलूला जायचं. परमेश्वरला सांगते, कानाच्या डॉक्टरकडं नंबर लाव म्हणून."

"मशीन लावत्याल कानात."

"लावू द्या. घरात एक हायच, अजून एक."

दत्तरावांनी कमरेची गाठ सोडायला हात घातला. मग तसाच काढला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बैठक घासायचीय अजून."

लिंपलेला नमुना त्यांनी फळीवरून उचलला, कोपऱ्यात भुशाच्या पोत्यामागं ठेवला. कासाबाईनं ते पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

चिडाचं लाकूड कोरडं राहिलं की तडकतं. सोनेरी रंगाच्या आधी त्याला आत-बाहेर जवसाचं तेल पाजावं लागतं, तेही आजच. घरातली बाटली रिकामी होती. कासाबाईनं मुठीचे वेढे सोडले, वादीचं टोक खिडकीच्या गजाला अडकवलं, बाटली धुऊन पालथी घातली, कोरडी झाल्यावर पदराखाली घेतली, आणि ती तेलघाण्यावर जवसाचं तेल आणायला निघाली.